रात्री नऊला एकच ॲप अडतं: हा नेट न्यूट्रॅलिटीचा भंग आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी केबलवाल्याकडून घेतलेलं १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन. दिवसा सगळं सुरळीत चालतं. रात्री नऊ ते अकरा या वेळेत मात्र एक व्हिडिओ ॲप छान चालतं आणि दुसरं सारखं गोल फिरत बसतं. स्पीड टेस्ट तेव्हाही ९५ दाखवते. केबलवाला म्हणतो, ‘प्रॉब्लेम ॲपवाल्याकडे आहे.’ जे ॲप नीट चालतं तेच त्याच्या पॅकमध्ये फुकट मिळतं, म्हणून संशय बळावला आहे. हा नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या ॲपना आणि संकेतस्थळांना सारखंच वागवायच्या तत्त्वाचा, भंग आहे का, तो सिद्ध कसा करायचा, तक्रार कुणाकडे करायची? आणि मोठ्या टेलिकॉम कंपन्या यूट्यूब-नेटफ्लिक्ससारख्यांकडून पैसे मागत आहेत, त्याचा याच्याशी काय संबंध?

थेट उत्तर आधी. नुसत्या या लक्षणांवरून ‘मुद्दाम वेग दाबला’ असं म्हणता येणार नाही. जास्त शक्यता अशी की एका ॲपच्या व्हिडिओंचा साठा केबलवाल्याच्या किंवा त्याला बँडविड्थ पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हर रूममध्येच आहे आणि दुसऱ्याचा डेटा बाहेरून, तुंबलेल्या लिंकवरून (केबलवाल्याला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या वाटेवरून) येतो. पण मुद्दाम दाबलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असा अर्थ होत नाही. लिंक महिनोन्‌महिने तुंबलेली ठेवणं हाही कुणीतरी घेतलेला निर्णयच असतो. नेट न्यूट्रॅलिटीचं खरं भांडण आज दरपत्रकावर फारसं उरलेलं नाही, ते या लिंकच्या तोंडाशी येऊन थांबलं आहे. म्हणून कायदा, नेटवर्क आणि मोजमाप या तिन्ही गोष्टी एकत्र समजून घ्याव्या लागतात.

कायद्यापासून सुरुवात करू. भारतात याचे नियम दोन वेगळ्या कागदांवर आहेत आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. पहिला कागद दराचा. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, विनियम काढले, त्यांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: तुम्ही इंटरनेटवर काय पाहता यावरून डेटाचा दर बदलता येणार नाही. अमुक ॲपचा डेटा फुकट, तमुकचा महाग, किंवा ‘फक्त सोशल मीडियासाठी’ स्वस्त पॅक, हे सगळं तेव्हापासून बंद. उल्लंघन केलं तर दिवसाला ५० हजार रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. आपत्तीच्या काळात तातडीच्या सेवांसाठी दर कमी करता येतो, पण ते सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवावं लागतं. कंपनीच्या आतल्या, इंटरनेटशी न जोडलेल्या बंद नेटवर्कला हा नियम लागू नाही, पण त्या सवलतीचा वापर पळवाट म्हणून करायचा नाही, हेही तिथेच लिहिलं आहे.

हा नियम आपोआप आला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं आणि काही दिवसांतच मागे घेतलं. २७ मार्च २०१५ रोजी ट्रायचं चर्चापत्र (लोकांची मतं मागवणारा कागद) आलं, एप्रिलमध्ये ‘एअरटेल झिरो’ आलं. त्यात ॲप कंपनीने पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते ॲप फुकट मिळायचं. लोकांनी ट्रायला दहा लाखांच्या वर ईमेल पाठवले आणि फ्लिपकार्ट त्या योजनेतून बाहेर पडलं. दुसरीकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर इंटरनेट डॉट ऑर्ग आणलं होतं. ज्या राज्यांत ते आधी सुरू झालं त्यांत महाराष्ट्र होता. पुढे त्याचंच नाव फ्री बेसिक्स झालं. ‘गरिबाला थोडं तरी इंटरनेट फुकट मिळतंय, मग विरोध का?’ हा प्रश्न तेव्हा अनेकांनी प्रामाणिकपणे विचारला होता आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. फुकट मिळत होतं ते इंटरनेट नव्हतं. एका कंपनीने ठरवलेल्या अटींत बसणाऱ्या संकेतस्थळांचा तो संच होता. गावातल्या एखाद्या मुलीने तिथलं पहिलं मराठी शेतीविषयक ॲप काढलं असतं, तर तिला तिच्याच शेजाऱ्यापर्यंत पोचायला त्या कंपनीच्या अटी मान्य कराव्या लागल्या असत्या. ते दार एका कंपनीच्या हाती द्यायचं नाही, हे २०१६ मध्ये ठरलं आणि तो निर्णय बरोबर होता.

दुसरा कागद परवान्याचा. ट्रायने २८ नोव्हेंबर २०१७ रोजी शिफारशी दिल्या, दूरसंचार विभागाने ३१ जुलै २०१८ रोजी त्या मान्य केल्या आणि त्यानंतर इंटरनेट सेवा परवान्यांत तशी अट घातली. ही अट किमतीबद्दल नाही, वागणुकीबद्दल आहे. अडवणं, वेग कमी करणं, मजकुराचा दर्जा घसरवणं, एखाद्याला पुढे जाऊ देणं, हे पाठवणारा कोण, घेणारा कोण, प्रोटोकॉल (डेटा पाठवायची पद्धत) कोणता, उपकरण कोणतं यावरून करता येणार नाही. ‘प्रोटोकॉल’ आणि ‘उपकरण’ हे दोन शब्द ग्राहकाच्या फार कामाचे आहेत. सरकारी आदेश नसताना कंपनीने स्वतःच्या मर्जीने व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरमार्गे जाणारा बंदिस्त रस्ता) किंवा टोरेंट अडवलं तर ते पहिल्या शब्दात येतं. हॉटस्पॉटवर लावलेल्या लॅपटॉपचा वेगच तेवढा दाबला तर ते दुसऱ्या शब्दात येतं. परवाना राष्ट्रीय असो, सर्कलचा असो की जिल्हापातळीचा, अट सगळ्यांना सारखीच आहे. तुमचा केबलवाला बहुधा स्वतः परवानाधारक नसतो, तो एखाद्या परवानाधारक कंपनीचा भागीदार असतो. बिलावर ज्या कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक आहे, तिला ही अट बांधील आहे.

अपवाद चार-पाच आहेत. न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश, तातडीच्या सेवा, दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या ‘विशेष सेवा’, आणि वाजवी ट्रॅफिक व्यवस्थापन. हे शेवटचं प्रमाणात, तात्पुरतं आणि जाहीर असलं पाहिजे. रोज रात्री नऊ ते अकरा, सहा महिने चालणारी गोष्ट तात्पुरती म्हणता येत नाही. आणि एक मोठी गोष्ट चौकटीच्या बाहेरच ठेवली आहे: सीडीएन, म्हणजे व्हिडिओ कंपन्यांचे ठिकठिकाणी ठेवलेले साठे. तुमच्या प्रश्नाचं मूळ बहुधा याच बाहेर ठेवलेल्या भागात आहे.

त्याआधी पॅकमधल्या फुकट ॲपचा मुद्दा निकालात काढू. प्लॅनबरोबर एखाद्या ॲपचं सदस्यत्व मोफत देणं बेकायदा नाही, कारण ती सदस्यत्वाची किंमत आहे, डेटाची नाही. ते ॲप पाहताना तुमचा डेटा इतर डेटासारखाच मोजला जातो का, एवढंच बघायचं. रात्री बारा ते सहा अमर्याद डेटा चालतो, कारण सवलत वेळेवर आहे, मजकुरावर नाही. डेटा मर्यादा संपल्यावर वेग २ एमबीपीएसवर आणणंही चालतं, पण तेव्हा सगळंच सारखं मंद झालं पाहिजे. मर्यादेनंतर एकच ॲप पूर्ण वेगात पळत असेल आणि बाकी सगळं रांगत असेल, तर ती नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. जाहिरातीत ‘अमुक ॲपचा डेटा मोजला जाणार नाही’ असं वाक्य दिसलं तर त्या पत्रकाचा तारखेसह फोटो काढा. तो २०१६ च्या विनियमाचा सरळ भंग आहे, वेगळा पुरावा लागत नाही.

आता नेटवर्क. समजा केबलवाल्याकडे १,००० घरं आहेत आणि त्याने वरून १ जीबीपीएसची लिंक घेतली आहे. प्रत्येकाला १०० एमबीपीएस विकलं म्हणजे कागदावर १०० जीबीपीएस विकलं. ही फसवणूक नाही. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, या हिशोबावरच सगळं इंटरनेट चालतं. रात्री नऊला ४०० घरांत व्हिडिओ सुरू आहे आणि सरासरी ५ एमबीपीएस लागतो असं धरा. मागणी झाली २,००० एमबीपीएस, लिंक आहे १,००० ची. तरीही चालतं, कारण यूट्यूब, नेटफ्लिक्स, फेसबुक यांचे साठे नेटवर्कमध्येच ठेवता येतात. असे साठे पुरेशी गर्दी असलेल्या सेवादात्यांना या कंपन्या पुरवतात. या २,००० पैकी १,२०० एमबीपीएस साठ्यातून गेला, तर लिंकवर ८०० उरतात, म्हणजे ८० टक्के. ट्रायच्या सेवादर्जाच्या नियमांतही गर्दीच्या वेळी अशा लिंकचा वापर ८० टक्क्यांच्या आत ठेवायची मर्यादा आहे आणि ती उगाच नाही. त्यापुढे रांग लागायला सुरुवात होते.

आता समजा साठा एकाच ॲपचा आहे आणि त्यातून फक्त ९०० एमबीपीएस जातो. लिंकवर आले १,१००, जागा १,००० ची. राउटर जास्तीची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, टाकून देतो. टाकलेली पाकिटं परत मागवली जातात, व्हिडिओ प्लेअर घाबरून १०८० वरून ४८० वर येतो, तरी भागत नाही आणि गोल फिरायला लागतं. साठ्यातलं ॲप मात्र या लिंकवर येतच नाही, त्यामुळे ते छान चालतं. स्पीड टेस्टचं काय? ती आपोआप जवळचा सर्व्हर निवडते आणि तो पुष्कळदा त्याच कंपनीचा, लिंकच्या अलीकडचा असतो. म्हणून ९५. केबलवाल्याने कुठलंही ॲप ‘दाबलेलं’ नाही, फक्त एकाला जवळ जागा दिली आणि लिंक वाढवली नाही. ग्राहकाच्या खुर्चीतून बघितलं तर दाबण्यात आणि यात काही फरक नाही. कायद्याच्या कागदावर मात्र फार मोठा फरक आहे.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. सुरुवात घरातून. वायफाय बाजूला ठेवा आणि लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारच्या दहा राउटरांची गर्दी असते, १०० च्या प्लॅनवर ३०-४० मिळणं तिथे नेहमीचं आहे. वायफायवर काढलेला कुठलाही आकडा कंपनी पहिल्याच उत्तरात उडवून लावते, आणि ते रास्तही असतं. इतर फोन, टीव्ही, कॅमेरे तेवढ्यापुरते बंद करा. डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदललेला असेल तर कंपनीचा मूळ ठेवा. काही सीडीएन डीएनएसवरून ग्राहक कुठे आहे ते ओळखतात आणि १.१.१.१ सारखा बाहेरचा डीएनएस लावला की जवळचा साठा सोडून लांबच्या सर्व्हरकडे पाठवतात. ‘वेग वाढवायला’ केलेला बदल कधीकधी असा उलटतो.

मग स्पीड टेस्ट, पण सर्व्हर हाताने निवडून. एक टेस्ट कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर, एक मुंबईतल्या दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं, म्हणजे ते नेटफ्लिक्सपर्यंतचा तुमचा रस्ता दाखवतं, सगळ्या इंटरनेटचा नाही. हे तिन्ही आकडे सकाळी सातला आणि रात्री साडेनऊला, सलग पाच दिवस. सकाळी तिन्ही ९० च्या वर आणि रात्री फक्त बाहेरच्या सर्व्हरचा आकडा १५ वर आला, तर लिंक तुंबली आहे. तिन्ही एकदम पडले तर अडचण तुमच्या गल्लीत आहे. एका फायबरवर ३२ किंवा ६४ घरं असतात आणि केबलवाल्यांच्या स्वस्त यंत्रणेत त्या सगळ्यांत मिळून साधारण १ जीबीपीएसच असतो. तो नेट न्यूट्रॅलिटीचा विषयच नाही, नेहमीची सेवादर्जाची तक्रार आहे.

यूट्यूबवर व्हिडिओवर उजवं क्लिक केलं की ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ नावाची चौकट उघडते. तिथल्या ‘बफर हेल्थ’कडे बघा. पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ येऊन पडला आहे तो हा आकडा. निरोगी कनेक्शनवर तो तीस-चाळीस सेकंदांच्या आसपास टिकतो. तुंबलेल्या लिंकवर तो तीस, अठरा, नऊ, चार असा उतरताना डोळ्यांसमोर दिसतो आणि शून्याला टेकला की चित्र थांबतं. फोनवर या चौकटीचं तीस सेकंदांचं चित्रीकरण करा, वेळ दिसू द्या. दहा पानी तक्रारीपेक्षा ते बोलकं असतं.

‘प्रॉब्लेम ॲपवाल्याकडे आहे’ हे तपासणं सर्वांत सोपं. त्याच मिनिटाला, त्याच ठिकाणी, दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर तोच व्हिडिओ त्याच दर्जाला लावा. चालला तर ॲपचा सर्व्हर धडधाकट आहे आणि केबलवाल्याचं म्हणणं तिथेच संपलं.

मुद्दाम दाबलं जातंय का, हे शोधायला वेहे नावाचं मोफत ॲप आहे. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात ते तयार झालं. त्याची युक्ती सुरेख आहे: एखाद्या व्हिडिओ सेवेच्या वाहतुकीची नोंद ते जशीच्या तशी पुन्हा चालवतं, मग तेच बिट्स उलटेपालटे करून चालवतं. ओळख पटेल अशी वाहतूक मंद आणि ओळख न पटणारी वेगवान असा फरक पुन्हापुन्हा आला, तर मध्ये कुणीतरी मजकूर ओळखून वेग कापतंय. एकदा करून निष्कर्ष काढू नका. रात्री तीनदा, तीन वेगळ्या दिवशी करा. पण याची मर्यादा ठाऊक असू द्या. वेहे दोन्ही वेळा स्वतःच्याच सर्व्हरवरून डेटा आणतं. व्हिडिओ कंपनीकडे जाणारी लिंक तुंबलेली असेल तर ते त्याला दिसतच नाही. ‘वेहेमध्ये काही आढळलं नाही’ याचा अर्थ ‘पाकिटं उघडून वेग कापलेला आढळला नाही’ एवढाच.

व्हीपीएनचंही तसंच. मुंबईतला सर्व्हर निवडून व्हीपीएन लावलं आणि अडणारं ॲप पळायला लागलं, तर दोन अर्थ निघतात: मजकूर ओळखून दाबलं जात होतं, किंवा व्हीपीएन दुसऱ्या, मोकळ्या रस्त्याने गेलं. वेहे स्वच्छ आणि व्हीपीएन वेगवान, अशी जोडी आली तर दुसराच अर्थ जवळचा. ट्रेसरूट (डेटा कोणत्या राउटरांवरून जातो आणि प्रत्येकाला किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी) करणार असाल तर एक चूक टाळा. मधल्या एखाद्या टप्प्यावर ९० मिलिसेकंद दिसले आणि पुढच्या टप्प्यावर परत १५ झाले, तर ती अडचण नाही, तो राउटर अशा चाचणीच्या पाकिटांना सावकाश उत्तर देतो एवढंच. वाढ एका टप्प्यापासून शेवटपर्यंत टिकली आणि सकाळी ती नव्हती, तरच तिथे रांग आहे. एखादं संकेतस्थळ मुळीच उघडत नसेल, तर तो वेगळा विषय. त्यासाठी ऊनी प्रोब हे ॲप वापरा, अडवणूक डीएनएसला आहे की पुढे हे ते सांगतं. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली आदेश असेल तर कंपनीला तो पाळावाच लागतो आणि नेट न्यूट्रॅलिटीची अट तिथे मदतीला येत नाही.

तक्रारीत ‘नेट स्लो आहे’ असं लिहिलं की तंत्रज्ञ येतो, राउटर बंद-चालू करतो आणि तक्रार मिटली म्हणून नोंद होते. त्याऐवजी तीन ठोस प्रश्न लिहा. रात्री ९ ते ११ या वेळेत बाहेरच्या लिंकचा कमाल वापर किती टक्के असतो? परवान्यातल्या अटीनुसार तुमच्याकडे कोणतं ट्रॅफिक व्यवस्थापन लागू आहे आणि ते कुठे जाहीर केलं आहे? अमुक सेवेकडे जाणारी क्षमता केव्हा वाढवणार? सोबत पाच दिवसांचा तक्ता जोडा: तारीख, वेळ, तिन्ही आकडे, लॅनवर की वायफायवर. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. मुदतीत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. हा टप्पा लोक गाळतात आणि मग पुढे सगळीकडे ‘अपील केलं का?’ हाच प्रश्न येतो.

त्यापुढे दोन कागदांचा फरक कामी येतो. दरातला भेदभाव असेल तर ट्रायला लिहा, विनियम त्यांचा आहे. अडवणूक किंवा वेग दाबणं असेल तर दूरसंचार विभागाला, सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरून लिहा, कारण परवाना त्यांनी दिला आहे. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. त्यामुळे तिथे ‘माझं नेट’ असं लिहिण्यापेक्षा ‘हा प्लॅन विनियमाचं उल्लंघन करतो’ असं लिहिलं तरच उपयोग. नुकसानभरपाई हवी तर जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कुणी म्हटलं तर सर्वोच्च न्यायालयाचा १६ फेब्रुवारी २०२२ चा निकाल सांगा, तो मार्ग खुला आहे. गल्लीतल्या दहा ग्राहकांचे एकाच वेळचे आकडे असले तर तक्रारीचं वजन बदलतं. एकट्याचं कनेक्शन नादुरुस्त असू शकतं, दहा जणांचं एकाच वेळी नाही.

इथे व्यवस्थेतला खरा तुटवडा दिसतो. नियम जगातल्या कडक नियमांपैकी आहेत, पण मोजायचं काम ग्राहकावर पडतं. ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये शिफारस केली होती की सेवादाते, ॲप कंपन्या, संशोधक आणि ग्राहक-संघटना यांची मिळून एक संस्था हवी आणि तिने ट्रॅफिक व्यवस्थापनाच्या पद्धतींवर देखरेख ठेवायला मदत करावी. अशी संस्था लिंकच्या वापराचे आकडे मागू शकेल. तुम्ही घरात बसून कितीही चाचण्या केल्या तरी केबलवाल्याच्या राउटरच्या आत बघू शकत नाही.

आता शेवटचा प्रश्न: मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी ‘योग्य वाटा’ द्यावा, ही टेलिकॉम कंपन्यांची मागणी. त्यांचं म्हणणं असं की थोड्याशा कंपन्यांचीच वाहतूक प्रचंड आहे, नेटवर्कवर खर्च आम्ही करतो, मग त्यांनी पैसे द्यावेत. ५जीचा खर्च मोठा आहे हे खरं. पण हिशोब करून बघा. ५ एमबीपीएसचा व्हिडिओ तासभर पाहिला की सव्वादोन जीबी जातात. ती वाहतूक यूट्यूबने तुमच्या अंगावर ढकललेली नाही. तुम्ही ती मागवली आणि त्या सव्वादोन जीबीचे पैसे प्लॅनमध्ये आधीच भरले. वर व्हिडिओ कंपन्या स्वतःच्या खर्चाने साठे आणून ठेवतात, त्याने टेलिकॉम कंपनीचाच बाहेरच्या लिंकचा खर्च वाचतो. एकाच पाकिटाचे पैसे दोन्ही टोकांकडून घ्यायची ही मागणी आहे.

ती मान्य केली की काय होतं, याची उदाहरणं आहेत. अमेरिकेत नेटफ्लिक्सचा वेग कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांकडे घसरत गेला. अडचण दोन नेटवर्क जिथे जोडली जातात तिथल्या तुंबलेल्या लिंकवर होती, म्हणजे वरच्या हिशोबातलीच. फेब्रुवारी २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने थेट जोडणीसाठी कॉमकास्टला पैसे द्यायचं कबूल केलं आणि वेग सुधारला. दक्षिण कोरियात नेटवर्क शुल्काची पद्धतच आहे. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या व्हिडिओ सेवेने तिथे २०२२ मध्ये व्हिडिओचा दर्जा ७२० वर आणला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शुल्क परवडत नाही असं सांगून देशच सोडला. अमेझॉनच्या मालकीच्या सेवेची ही गत. मग पुण्यातल्या एखाद्या मराठी व्हिडिओ सेवेने किंवा कोकणातल्या शिकवणी ॲपने असं शुल्क कुठून भरायचं? ‘फक्त मोठ्यांकडूनच घेऊ’ हे आश्वासन पुरेसं नाही. मोठं कोण हे ठरवायचा अधिकार एकदा दिला की रेषा सरकत राहते, आणि मोठ्यांचं शुल्क शेवटी सदस्यत्वाच्या दरात येऊन ग्राहकाकडूनच वसूल होतं.

भारतात हे जास्त गंभीर आहे, कारण दार उघडणारे हात थोडे आहेत. मोबाइल ग्राहकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दोनच कंपन्यांकडे आहेत. त्यातल्या एका समूहाकडे नोव्हेंबर २०२४ च्या विलीनीकरणानंतर देशातली मोठी व्हिडिओ सेवाही आहे. रस्ताही त्यांचा आणि त्या रस्त्यावरचं दुकानही त्यांचं असेल, तेव्हा इतर दुकानदारांकडून टोल घ्यायची परवानगी देणं धोक्याचं आहे, मग कंपनी कितीही सज्जन असो. अमेरिकेत तर नियमच २०१५ ला आले, २०१७ ला गेले, २०२४ ला परत आले आणि २ जानेवारी २०२५ ला न्यायालयाने पुन्हा रद्द केले. आपले नियम तुलनेने स्थिर राहिले, पण ते विनियम आणि परवान्याच्या अटी यांवर उभे आहेत. अशा अटी प्रशासकीय निर्णयाने बदलता येतात.

म्हणून असे बदल ज्या चर्चापत्रांतून येतात त्यांवर लक्ष ठेवा. जुलै २०२३ मध्ये ट्रायने ओटीटी (व्हॉट्सॲपसारख्या, इंटरनेटवरून चालणाऱ्या) संदेशसेवांच्या नियमनावर असंच पत्र काढलं होतं आणि वाट्याचा मुद्दा त्या चर्चेत आला. ट्रायच्या संकेतस्थळावर चर्चापत्र येतं, शेवटी क्रमांकित प्रश्न असतात, मुदत काही आठवड्यांची असते. प्रतिसाद कुणीही पाठवू शकतं. २०१५-१६ मध्ये फेसबुकने फ्री बेसिक्ससाठी आपल्या सदस्यांकडून छापील साच्याचे लाखो ईमेल पाठवून घेतले, तेव्हा ट्रायने ते विचारलेल्या चार प्रश्नांना उत्तर देत नाहीत म्हणून कंपनीला खडसावलं होतं. तेव्हा तुमचा प्रतिसाद प्रश्न क्रमांक घालून लिहा, मागणी एका वाक्यात मांडा, आणि रात्री साडेनऊच्या पाच दिवसांच्या आकड्यांचा तोच तक्ता खाली जोडा.